कोसला : वाचकस्वीकार आणि आत्मचरित्राचा प्रश्न

भालचंद्र वनाजी नेमाडे (जन्म २७ मे १९३८) यांची कोसला (१९६३) ही पहिली कादंबरी मराठीतील आधुनिकतावादी कथात्म साहित्याचा एक निर्णायक टप्पा मानली जाते. तिच्याविषयी विपुल समीक्षालेखन झाले आहे. तथापि समीक्षकांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याही आधी, सामान्य तरुण वाचकांनी तिला जो प्रतिसाद दिला, तो मराठी कादंबरीच्या इतिहासात वेगळा ठरतो. या वाचकांनी कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर व तिचा लेखक यांत फारसा भेद केला नाही, आणि पुष्कळदा पांडुरंग व आपण स्वतः यांतही केला नाही. लेखकाचे पूर्वजीवन, कादंबरीतील जीवन व वाचकाचे जीवन यांची ही सरमिसळ कशामुळे घडून आली आणि कादंबरीच्या आकलनाला ती कितपत उपकारक वा मारक ठरली, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

पूर्वजीवन : नेमाडे यांचा जन्म खानदेशातील सांगवी (ता. यावल, जि. जळगाव) येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण खानदेशात घेतल्यानंतर ते पुण्यास आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी संपादन केल्यावर त्यांनी डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्र (१९६१) आणि मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्य (१९६४) या विषयांत एम्. ए. केले. या दोन पदव्यांच्या मधल्या काळातच कोसला लिहिली गेली. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती प्रसिद्ध केली, तेव्हा लेखकाचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढे अहमदनगर, धुळे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), लंडन, गोवा व मुंबई येथे त्यांनी अध्यापन केले.

या चरित्रात्मक तपशिलांपैकी तीन गोष्टी वाचकांच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण ठरल्या. नायकाचे सांगवीकर हे आडनाव लेखकाच्या गावावरून आले आहे. निवेदकही आपले वय पंचवीस असल्याचे सांगतो. आणि खेड्यातून पुण्याच्या महाविद्यालयात व वसतिगृहात येण्याचा मार्ग दोघांचाही एकच आहे. गाव, वय आणि वाट यांच्या या साम्यामुळे कादंबरी हे लेखकाचे प्रच्छन्न आत्मचरित्र होय, असा ग्रह होणे स्वाभाविकच होते.

कादंबरीचे स्वरूप : खेड्यातील एका सधन शेतकऱ्याचा मुलगा शिक्षणासाठी पुण्यास येतो. वसतिगृहात राहतो, मित्र जोडतो, निरनिराळ्या उपक्रमांत पुढाकार घेतो, वडिलांचा पैसा उधळतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि अखेरीस गावी परततो. वडिलांचा अंमल, शहरातील परकेपण, धाकटी बहीण मनी हिचा मृत्यू आणि परतल्यानंतरचे गावातील रिकामपण यांतून त्याची सर्वव्यापी निरर्थकतेची जाणीव आकार घेते. रूढ अर्थाने कथानक असे नाही. घटना एकीतून दुसरी निष्पन्न होत नाहीत, तर त्या एकापुढे एक मांडल्या जातात. सरळ निवेदनाच्या जोडीला रोजनिशीचा घाट, बखरीच्या वळणाची भाषा आणि वर्तमानाकडे भविष्यकालीन इतिहाससंशोधकाच्या नजरेने पाहणारा उपरोधिक खेळ, अशा विविध पद्धती लेखकाने योजल्या आहेत. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. हे शीर्षक नायकाच्या आत्ममग्नतेचे तसेच संभाव्य रूपांतराचेही सूचक आहे. रूपांतर घडते की कोश रिकामाच राहतो, याचा निर्णय कादंबरी देत नाही.

समकालीन वाङ्मयीन परिस्थिती : कोसलाच्या आगमनाच्या वेळी मराठी कादंबरीवर ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांनी रुजविलेल्या अभिरुचीचा प्रभाव टिकून होता. खांडेकरांची ययाति १९५९ मध्ये, तर रणजित देसाई यांची स्वामी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली होती, आणि पौराणिक-ऐतिहासिक कादंबरीला मोठा वाचकवर्ग लाभत होता. दुसरीकडे उद्धव शेळके यांची धग (१९६०) आणि श्री. ना. पेंडसे यांची रथचक्र (१९६२) यांतून प्रादेशिक वास्तवाचे गंभीर चित्रण होत होते. याच सुमारास लघुनियतकालिकांची चळवळ आकारास येत होती. शब्द, अथर्व, असो, वाचा यांसारखी अल्पायुषी नियतकालिके प्रस्थापित वाङ्मयव्यवहारास उघड आव्हान देत होती. नेमाडे या चळवळीतील एक प्रमुख लेखक होत आणि वाचाच्या संपादनाशी त्यांचा निकटचा संबंध होता. महाविद्यालयात नव्याने आलेल्या ग्रामीण तरुणाला मात्र यांपैकी कोणत्याही पुस्तकात स्वतःचे तोंड दिसत नव्हते. फडके यांच्या कादंबरीतील महाविद्यालय हे प्रणयाचे रम्य स्थान होते, तर प्रादेशिक कादंबरीतील खेडूत सहसा महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नव्हता. दोहोंच्या मधली ही जागा कोसलाने व्यापली.

पहिला प्रतिसाद : कादंबरीला अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही प्रकारचे प्रतिसाद मिळाले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय आणि आधीच्या पिढीतील लेखकाने तिचे मनःपूर्वक स्वागत केले. ही गोष्ट लक्षणीय आहे, कारण मध्यमवर्गीय पुणेरी संस्कृतीची जी थट्टा कोसलात आहे, तिचा रोख देशपांडे यांच्या वाचकवर्गाकडेही होता. प्रतिकूल मतांत कथानकाचा अभाव, भाषेची शिथिलता, नायकाची निष्क्रियता व तुच्छतावाद हे मुख्य आक्षेप होते. काही समीक्षकांनी तिचा संबंध पाश्चात्त्य अस्तित्ववादाशी जोडला, तर काहींनी जे. डी. सॅलिंजर यांच्या द कॅचर इन द राय (१९५१) या अमेरिकन कादंबरीशी तिची तुलना केली. ही तुलना वयात येणाऱ्या मुलाचा दांभिकतेविषयीचा तिटकारा व बोलीचा वापर यांपुरती सार्थ आहे. तथापि सॅलिंजर यांच्या नायकाच्या पाठीशी न्यूयॉर्क शहर आहे, तर पांडुरंगाच्या पाठीशी शेती, एकत्र कुटुंब आणि बाप ही व्यवस्था आहे. त्याचे बंड या व्यवस्थेच्या पैशावर चालते आणि तिच्यातच विरते. या मूलभूत भेदाकडे प्रारंभीच्या तुलनात्मक समीक्षेत पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ : वाचकांवरील प्रभावाचे सर्वांत ठळक गमक म्हणजे निवेदकाच्या बोलण्यातील काही शब्दांना आलेले प्रचलन. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन साधे शब्द त्यानंतरच्या तरुण पिढीच्या बोलण्यात व लेखनात पांडुरंगाच्या ढंगाने येऊ लागले. हा केवळ लकबीचा संसर्ग असल्याचे मानले जाते, परंतु त्यामागील कारण अधिक खोल आहे. ‘उदाहरणार्थ’ हा शब्द सामान्यतः एखाद्या सिद्धान्तानंतर येतो. कोसलात सिद्धान्त गळून पडला आहे आणि उदाहरण तेवढे उरले आहे. स्वतःच्या आयुष्याला उदाहरण म्हणणारा निवेदक त्या आयुष्याची अपूर्वता नाकारतो. हे माझ्याबाबत घडले, पण दुसऱ्या कोणाबाबतही असेच घडले असते, असे त्यातून ध्वनित होते. ‘वगैरे’ हा शब्द वाक्य अपुरे ठेवतो. जे सांगायचे राहिले ते ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे, हे त्यात गृहीत असते. एक शब्द वाचकाला स्वतःचे आयुष्य पुढे ठेवावयास सांगतो, तर दुसरा त्यासाठी जागा मोकळी सोडतो. वाचकाने पांडुरंगात स्वतःला पाहिले, याचे मूळ लेखकाच्या चरित्रापेक्षा निवेदनाच्या या रचनेत शोधावे लागते.

चरित्र व कादंबरी यांतील अंतर : कोसला हे नेमाडे यांचे आत्मचरित्र होय, हा समज एका साध्या निरीक्षणाने डळमळीत होतो. लेखक व नायक यांचे मार्ग नेमक्या निर्णायक ठिकाणी भिन्न होतात. पांडुरंगाचे शिक्षण अर्धवट राहते, तो गावी परततो आणि तेथील रिकामटेकड्यांत मिसळून जातो. नेमाडे यांनी पदवी घेतली, दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. मुख्य म्हणजे त्यांनी कादंबरी लिहून पूर्ण केली. पांडुरंगाला जे साधले नाही, ते लेखकाला साधले असल्यामुळेच पांडुरंगाची कहाणी वाचकाच्या हाती येऊ शकली. अपयश हा या कादंबरीचा गाभा आहे आणि तोच चरित्रातून आलेला नाही. गाव, वसतिगृह, बोली, माणसे ही सामग्री जगण्यातून मिळाली. तिला लाभलेली दिशा मात्र कल्पनेची आहे. आपण परतलो असतो तर काय झालो असतो, या शक्यतेचा लेखकाने कठोरपणे शेवटपर्यंत केलेला विचार, असे या कादंबरीचे वर्णन करता येईल.

इतिहाससंशोधनाच्या विडंबनाचा भागही या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. उपलब्ध पुराव्यांवरून गतकालाविषयी ठाम विधाने करणाऱ्या संशोधकाची तेथे गंमत केलेली आहे. कादंबरीतील खुणांवरून लेखकाचे चरित्र उभे करू पाहणारा वाचकही त्याच संशोधकाच्या जागी उभा असतो. कादंबरीने आपल्या एका प्रकारच्या वाचकाचे विडंबन आधीच करून ठेवले होते.

मनीच्या मृत्यूचा भाग हा याहून वेगळ्या प्रकारचा पुरावा आहे. बहुसंख्य वाचकांच्या स्मरणात कोसलातील हाच भाग सर्वाधिक टिकून राहतो. एरवी प्रत्येक गोष्टीची टर उडविणाऱ्या निवेदकाची भाषा येथे बदलते आणि उपरोधाचे कवच गळून पडते. हे दुःख लेखकाने प्रत्यक्ष भोगले होते काय, हा प्रश्न येथे वाचकाच्या मनात येतोच. त्याचे उत्तर काहीही असले, तरी परिणामात फरक पडत नाही. आधीच्या पृष्ठांवर थट्टेचा जो थर साचला आहे, त्यामुळेच तो थर फुटल्याचा आघात जाणवतो. आघाताची ही सिद्धता सर्वस्वी रचनेची आहे.

अनुकरण : कोसलानंतर प्रथमपुरुषी, तुटक, तिरकस निवेदनाची एक लाटच मराठी कथा-कादंबरीत आली. याला जागतिक साहित्यात पूर्वोदाहरण आहे. गटे यांच्या वेर्थर (१७७४) या कादंबरीनंतर यूरोपातील तरुण तिच्या नायकासारखा निळा कोट व पिवळी बंडी घालू लागले होते. वेर्थरचा पोशाख उचलता आला, तशी पांडुरंगाची भाषा उचलता आली. परंतु दोन्ही ठिकाणी उचलता आले ते बाह्य रूपच. कोसलाची भाषा महाविद्यालयीन बोली, खानदेशी वळणे, बखर आणि जुने मराठी गद्य अशा अनेक स्तरांवरून ये-जा करते. लीळाचरित्रापासून चालत आलेल्या छोट्या, थेट, बोलक्या वाक्यांच्या परंपरेशी तिचे नाते अभ्यासकांनी दाखविले आहे. अनुकरणात हे स्तर नाहीसे झाले आणि एकसुरी कंटाळा शिल्लक राहिला. तयार साच्यांना नकार देणारी कादंबरी स्वतःच एक तयार साचा बनली, ही तिच्या लोकप्रियतेची किंमत होय.

लेखकाच्या बाबतीतही असाच विरोधाभास घडला. लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो, यावर नेमाडे यांनी एका गाजलेल्या लेखात कठोर टीका केली होती. सभासंमेलने, सत्कार व प्रसिद्धी यांत लेखकाचे सत्त्व कसे हरवते, हे त्यात दाखविले होते. मात्र कोसलाच्या वाचकांनी तिच्या लेखकाभोवतीच एक वलय निर्माण केले. त्याची प्रत्येक उक्ती, प्रत्येक वाद, राहणीतील प्रत्येक तपशील यांना पांडुरंगाच्या पुढील आयुष्यातील प्रकरणांचे महत्त्व येऊ लागले.

ग्रामीण व मराठवाड्यातील वाचक : कोसलाचा वाचकवर्ग एकजिनसी नव्हता. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिच्यात प्रयोगशीलता व अस्तित्ववादी जाणीव दिसली. शिक्षणासाठी गाव सोडलेल्या वाचकाला तिच्यात घरून येणारा पैसा, वडिलांची पत्रे, खानावळ, परीक्षा आणि सुटीत गावी गेल्यावर वाटणारे अवघडलेपण या गोष्टी ओळखीच्या वाटल्या. हा दुसरा वाचकवर्ग वाढत गेला, त्यास शिक्षणाच्या प्रसाराची पार्श्वभूमी आहे. मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रेरणेने औरंगाबाद येथे १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय, तर १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पुढील दशकांत सहकारी कारखाने व शिक्षणसंस्था यांच्या आश्रयाने तालुक्या-तालुक्यांत शाळा-महाविद्यालये निघाली. नेमाडे यांनी १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठात अध्यापन केल्यामुळे या प्रदेशातील तरुण लेखक-वाचकांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला. औरंगाबादच्या बाबा भांड यांनी कोसलाबद्दल हा समीक्षालेखांचा संग्रह संपादित केला, ही गोष्टही या प्रदेशातील आस्थेची निदर्शक आहे.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण अशा नव्या ग्रामीण वस्त्यांचे एक उदाहरण म्हणून घेता येईल. उसाच्या पैशावर मुलाला शहरात शिकावयास पाठविणारे घर आणि त्याच उसाच्या तोडणीवर पोट भरणारे घर ही दोन्ही कारखान्याच्या परिसरात शेजारी-शेजारी असतात. पांडुरंगाची कहाणी पहिल्या घराची आहे. दुसऱ्या घरातून शिकावयास गेलेला मुलगा ती वाचतो, तेव्हा त्याला तिच्यात काय दिसते, हा प्रश्न कोसलाच्या समीक्षेने बराच काळ विचारला नाही.

आक्षेप व मर्यादा : बाबूराव बागूल यांचा जेव्हा मी जात चोरली होती हा कथासंग्रह कोसलाच्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तकांत प्रस्थापित समाजाला नकार आहे. पांडुरंगाला मात्र नकारानंतर परतण्यासाठी घर आहे. शेत, वाडा व बापाची पत त्याची वाट पाहत असतात. बागूल यांच्या पात्रांना असा आसरा नाही. पांडुरंगाला निरर्थक वाटणारे शिक्षण त्यांच्या दृष्टीने जगण्याची एकमेव वाट आहे. दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या आत्मकथनानंतर दलित आत्मकथनांची परंपरा विकसित झाली आणि ‘लेखकाचे पूर्वजीवन’ या संकल्पनेचा अर्थच मराठीत पालटला. तेथे लेखक आणि निवेदक एकच असल्याची ग्वाही हा लेखनाच्या नैतिकतेचा भाग असतो. कोसलाच्या वाचकांनी सत्यतेची जी अपेक्षा चुकीच्या ठिकाणी ठेवली होती, ती येथे योग्य ठिकाणी आली, असे म्हणता येईल.

स्त्री-वाचकांच्या दृष्टीनेही कादंबरीत मोठी पोकळी आहे. पांडुरंगाचे जग मुख्यतः पुरुषांचे आहे. त्यातील आई व बहिणी जिव्हाळ्याचा विषय होतात, परंतु स्वतःच्या आयुष्याविषयी बोलणाऱ्या व्यक्ती होत नाहीत. घर सोडून शहरात रिकामे हिंडण्याची मुभा ज्यांना नव्हती, अशा वाचकांनी पांडुरंगाशी तादात्म्य पावणे म्हणजे न मिळालेल्या स्वातंत्र्याची कल्पना करणे होय. ‘उदाहरणार्थ’ या शब्दाची व्याप्ती किती, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वाचकाच्या बाबतीत वेगळे येते.

उत्तरलेखन : बिढार, हूल, जरीला व झूल या १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्यांत नेमाडे यांनी चांगदेव पाटील या इंग्रजीच्या प्राध्यापकाचे गावोगावचे भ्रमण चित्रित केले. लेखक स्वतः प्राध्यापक असल्याने येथेही चरित्राचा शोध घेतला गेला. तथापि या चतुष्टयात निवेदन तृतीयपुरुषी झाले असून व्यक्तीपेक्षा संस्थांच्या अंतर्गत व्यवहारांवर भर आहे. पुढे हिंदू (२०१०) या कादंबरीत खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक वडिलांच्या अखेरच्या दिवसांत गावी परततो. बाप, गाव व परतणे ही कोसलातील सूत्रे तेथे संस्कृतीच्या विशाल पटावर पुन्हा येतात. कोसलातील इतिहासाचा विनोदी खेळ येथे गंभीर झाला आहे. टीकास्वयंवर या समीक्षाग्रंथासाठी नेमाडे यांना १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार, तर २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार समग्र साहित्यकर्तृत्वासाठी मिळाला. त्यांनी पुरस्कारिलेल्या देशीवादाच्या प्रकाशात कोसला नव्याने वाचण्याचा प्रयत्न झाला आहे. पण पंचविसाव्या वर्षीच्या संशयी निवेदकावर नंतरच्या सिद्धान्ताचा निश्चितपणा लादणे, हाही चरित्रात्मक वाचनाचाच एक प्रकार ठरतो.

मूल्यमापन : कोसलाच्या वाचकांनी केलेली पांडुरंग व नेमाडे यांची गल्लत तर्कदृष्ट्या सदोष असली, तरी वाङ्मयीन दृष्ट्या ती निरर्थक नाही. लेखकाच्या पूर्वजीवनाविषयीच्या कुतूहलामागे एक गरज होती. आपल्यासारख्या घरातून आलेल्या, आपल्यासारखे बोलणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, याची खात्री वाचकाला हवी होती. साहित्य हे दुसऱ्या कोणाच्या तरी घरात निर्माण होते, असे समजत आलेल्या वाचकवर्गाला ती खात्री कोसलाने दिली. सांगवी हे गाव साहित्याच्या नकाशावर येऊ शकते, तर आपलेही येऊ शकेल, हा आत्मविश्वास तिच्या वाचकांपैकी पुष्कळांना लिहिते करण्यास कारणीभूत झाला. मात्र जे पांडुरंगाच्या भाषेपाशी थांबले, ते त्याच्याच कोशात अडकले. ज्यांनी त्याच्या धिटाईने स्वतःच्या गावाकडे, घराकडे व बोलीकडे पाहिले, त्यांच्या हातून वेगळी पुस्तके लिहिली गेली. ती कोसलासारखी दिसत नाहीत, आणि कोसलाचा खरा वारसा त्यांच्याकडेच जातो.